नवऱ्याला अमेरिकेतून परत पाठवलं, आता अपघाताच्या भरपाईचं काय?

पेडणे तालुक्यातून एका बाईचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते:

"मावशी, माझे मिस्टर तारवावर होते. २०१९ साली बोट न्यू जर्सीला लागली तेव्हा उतरले ते परत चढलेच नाहीत. एका हॉटेलच्या किचनमध्ये रात्रपाळी करायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये काम सुटल्यावर रस्ता ओलांडताना पार्सल पोचवणाऱ्या व्हॅनने त्यांना उडवलं. उजव्या पायाची नडगी मोडली, आत रॉड घातला. ओळखीच्या माणसाने वकील करून दिला, सह्या झाल्या. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना पकडलं, दोन महिने कोठडीत ठेवलं आणि परत पाठवलं. मोबाइल तिकडेच राहिला. घरी आल्यापासून कुणाशी नीट बोलत नाहीत. दीर म्हणतात, बेकायदेशीर राहिला होता, कोर्ट काय देणार, विसरा. म्हापशाचा एक एजंट म्हणतो, चाळीस हजार द्या, मी पैसे काढून देतो. आणि आता मिस्टरांच्या तिथल्या मित्राच्या पत्त्यावर विमा कंपनीचा कागद आलाय. सही केली तर सहा हजार डॉलर देणार म्हणतात. मोठी रक्कम आहे आम्हाला. सही करू का?"

बाये, सही करू नका. निदान आज तरी नको. त्या कागदाकडे मी येतेच, पण तोवर कुणी कितीही घाई केली तरी पेन हातात घ्यायचं नाही.

आता दिरांचं. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव. तुझ्या नवऱ्याला परत पाठवलं म्हणजे तिथे राहण्याचा त्यांचा हक्क गेला. अपघाताची भरपाई मागण्याचा हक्क वेगळा आहे आणि तो विमानात बसवल्याने संपत नाही. अमेरिकेच्या घटनेची चौदावी दुरुस्ती कायद्याचं समान संरक्षण देते ते 'व्यक्ती'ला, फक्त नागरिकाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांच्या परवान्यांवरून यिक वो खटला झाला, त्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ सालीच सांगितलं की परक्या देशाच्या माणसालाही हे संरक्षण आहे. आपल्याकडचंच उदाहरण घे. पर्वरीच्या उड्डाणपुलावर काम करायला आलेल्या झारखंडच्या मजुराला एखाद्या गाडीने ठोकलं आणि तो गावी परत गेला, तर त्याचा दावा बुडतो का? आपला मोटार वाहन कायदा तर त्याला त्याच्या राहत्या गावच्या न्यायाधिकरणात दावा लावू देतो. मोडलेलं हाड त्याचं असतं, ते कुठल्या राज्यात मोडलं यावरून ते परकं होत नाही.

म्हणजे हक्क आहे. पण तो हातचा जातो कसा, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे, म्हणून तुला एवढं लांबण लावून लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊही तारवटी. जहाजाच्या किचनमध्ये तेल सांडलेल्या फरशीवर घसरला, कोपराचा चुरा झाला. कंपनीने घरी पाठवलं. त्याला वाटलं, आता पुन्हा बोलावणार नाहीत, आणि त्या धास्तीने त्याने तोंड मिटून घेतलं. पत्रं यायची, तो म्हणायचा नंतर बघू. पुढे तीन वर्षं उलटून गेल्यावर एक दिवस त्याची ट्रंक आवरताना लग्नाच्या सुटाखाली मला एक पाकीट सापडलं. फोडलेलंसुद्धा नव्हतं. आत उपचारांच्या खर्चाबद्दल आणि दाव्याबद्दल विचारणा होती, आणि तिची मुदत कधीच संपून गेली होती. त्याचा हात आजही पूर्ण सरळ होत नाही. त्याला कायद्याने नाही म्हटलंच नव्हतं. कुणी विचारत होतं तेव्हा त्याने उत्तर दिलं नाही, एवढंच घडलं.

तुझ्या मिस्टरांच्या बाबतीत तेच सुरू झालंय अशी मला भीती वाटते. विचार कर, वकिलाकडे त्यांचा कुठला नंबर आहे? अमेरिकेतला. तो फोन बंद. ई-मेल उघडायला गेलं तर कोड जातो त्याच बंद नंबरवर. म्हणजे वकिलाच्या ऑफिसातून महिनोन्‌महिने फोन जात असतील आणि त्यांच्या फाइलवर 'अशील सापडत नाही' अशी नोंद पडत असेल. अशील सापडत नाही म्हटल्यावर वकील कोर्टाची परवानगी घेऊन काम सोडू शकतो, आणि प्रश्नांची उत्तरं वेळेत गेली नाहीत तर दावा निकालीही निघू शकतो. तू म्हणतेस विमा कंपनीचा कागद थेट मित्राच्या पत्त्यावर आला. वकील असताना कंपनीने वकिलाशीच बोलायचं असतं. मग कागद थेट का आला? वकिलाने काम सोडलं असेल, किंवा माणूस देशात नाही, घाबरलेला आहे, थोडक्यात मिटवून टाकू असं कुणाला वाटलं असेल. कुठलं खरं ते आपल्याला या आठवड्यात शोधायचं आहे.

आठवड्यात, कारण घड्याळ चालू आहे. न्यू जर्सीत अशा इजेचा दावा अपघाताच्या दिवसापासून २ वर्षांच्या आत कोर्टात दाखल व्हावा लागतो. नुसतं विमा कंपनीला पत्र पाठवणं, बोलणी चालू असणं हे त्यात धरत नाहीत. तुमचा अपघात ऑक्टोबर २०२४ चा, म्हणजे ऑक्टोबर २०२६ ही शेवटची वेस. कोठडीतले दोन महिने आणि इथे आल्यानंतरचे महिने त्यातून कुणी वजा करून देईल असं समजू नका. (इतर कुणी हे वाचत असेल तर सांगते, प्रत्येक राज्याची मुदत वेगळी असते. न्यूयॉर्कमध्ये साधारण ३ वर्षं, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये २. फ्लोरिडात पूर्वी ४ होती, २०२३ पासून २ झाली. धक्का देणारी गाडी सरकारी किंवा पालिकेची असेल तर न्यू जर्सीत ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते.)

तर पहिलं काम असं. संध्याकाळी साडेसातला तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. थंडीत त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा आपले साडेआठ धरायचे. त्या वेळेला वकिलाच्या ऑफिसात फोन लावा. मिस्टरांनी स्वतः बोलायचं, तू नाही, कारण अशील ते आहेत. नाव, जन्मतारीख, अपघाताची तारीख सांगायची, आणि एकच प्रश्न विचारायचा: दावा कोर्टात दाखल झाला आहे का, झाला असेल तर खटल्याचा नंबर काय? मग नवा नंबर, व्हॉट्सॲप, नवा ई-मेल आणि घरचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट लिहून पाठवा. तुझा नंबरही दुसरा म्हणून द्या. उत्तर आलं नाही तर त्या मित्राला सांगा, एक दिवस ऑफिसात जाऊन उभा राहा आणि चिठ्ठी देऊन ये. न्यू जर्सीच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दिवाणी खटले पक्षकाराच्या नावाने शोधताही येतात, ते काम तुमच्या गावातला कॉलेजचा कुणी मुलगा अर्ध्या तासात करील. फक्त नावाची सगळी स्पेलिंगं त्याला द्या. आपल्याकडे गावकर, गावडे, परब ही आडनावं पासपोर्टवर एक, इस्पितळात दुसरी आणि बँकेत तिसरी अशी लिहिलेली असतात. हे स्पेलिंगचं प्रकरण पुढे पैसे यायच्या वेळीही आडवं येणार आहे, म्हणून आत्तापासून एक कागद करून त्यावर सगळी लिहून ठेवा.

वकील हातच वर करत असेल तर दुसरा वकील करता येतो आणि फाइल त्याच्याकडे द्यावीच लागते. पैसे आधी मोजावे लागत नाहीत. तिथे इजेच्या दाव्याची फी मिळालेल्या रकमेतून कापतात. न्यू जर्सीत कोर्टाचा नियमच आहे की पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत वकिलाने एक तृतीयांशाहून जास्त घ्यायचं नाही. काहीच मिळालं नाही तर फी नाही. खर्च कुणी सोसायचा तेवढं मात्र करारात वाचून घ्या. आता सांग, म्हापशाचा एजंट चाळीस हजार कशाचे मागतोय? त्याला त्या कोर्टात उभं राहता येत नाही, तिथल्या विमा कंपनीशी तो कायदेशीर बोलणी करू शकत नाही. त्याला एक रुपया देऊ नका आणि मिस्टरांच्या कागदांच्या झेरॉक्ससुद्धा देऊ नका. मुखत्यारपत्र तर कुणाच्याच नावाने करू नका ज्यात 'रक्कम स्वीकारणे' असा शब्द आहे. ओळखीचा असला तरी.

सहा हजार डॉलर. मला ठाऊक आहे ती रक्कम घरात कशी दिसते. घराचं छप्पर, मुलीची फी, बँकेचा हप्ता. पण त्या कागदाचं नाव 'रिलीज' असणार, आणि त्याचा अर्थ एवढाच की यापुढे या अपघाताबद्दल काहीही मागणार नाही. रॉडचे स्क्रू उद्या काढावे लागले, हाड वाकडं जुळलं, रात्रपाळीत उभं राहून काम करणं कायमचं बंद झालं, तरी काही नाही. शिवाय त्या सहा हजारांतून इस्पितळाचं किंवा उपचाराचा खर्च दिलेल्या दुसऱ्या कुणाचं येणं वळतं होणार आहे का, हेही विचारल्याशिवाय कळत नाही. ते वळतं झाल्यावर हातात काय राहील? तो कागद फोटो काढून वकिलाला पाठवा आणि मूळ कागद मित्राकडून मागवून घ्या.

मी तुला आशेचा डोंगर दाखवत नाही. अडचणीही आहेत आणि त्या खऱ्या आहेत. बुडालेली मजुरी मागाल तेव्हा समोरचा वकील म्हणेल, हा माणूस कायद्याने इथे काम करूच शकत नव्हता, आता तर तो गोव्यात आहे, मग डॉलरमधली मजुरी कशाला? २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हॉफमन प्लास्टिक खटल्यात कागदपत्रं नसलेल्या कामगाराला मागच्या पगाराची भरपाई नाकारली, त्याचा आधार ते घेतात. पण तो कामावरून काढून टाकल्याचा खटला होता. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टासमोर बाल्बुएना नावाच्या बांधकाम मजुराचा खटला आला. हातगाडा ढकलताना तो उतारावरून पडला होता. त्याच्याकडेही कागद नव्हते, आणि इजेच्या दाव्यात तो बुडालेली मजुरी मागू शकतो असा निकाल लागला. न्यू जर्सीला न्यूयॉर्कचा निकाल बांधील नाही, पण वाद दोन्ही बाजूंनी होतो हे तुला कळावं. आणि वेदनांची, अधूपणाची भरपाई मजुरीवर अवलंबून नसते. पाय तिथे दुखला तसाच इथे दुखतो. मिस्टर व्हिसाशिवाय राहत होते ही गोष्ट ज्यूरीसमोर येऊ नये असा अर्ज वकील करू शकतो. तो कराल का, हे त्याला स्पष्ट विचारा.

एक विचारायचं राहिलं. काम सुटून घरी जात होते म्हणतेस, त्यामुळे कामगार भरपाई बहुधा लागू होणार नाही. पण त्या रात्री मालकाने काही आणायला किंवा पोचवायला पाठवलं असेल तर तेही वकिलाला सांगा. तो वेगळा दावा आहे आणि कागदपत्रं नसलेल्या कामगारालाही मिळतो.

आता पाय. इथे मी जरा रागावून लिहिणार आहे. तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंस की मिस्टर आता डॉक्टरकडे जात नाहीत, गावातल्या वैद्याकडून तेल चोळून घेतात. तेल चोळू दे, त्याने बरं वाटत असेल. पण विमा कंपनीला वैद्याचं तेल दिसत नाही. त्यांना दिसतं की ऑगस्ट २०२५ नंतर एकही तपासणी नाही, एकही एक्स-रे नाही, म्हणजे माणूस बरा झाला. उपचारात पडलेला खंड हे त्यांचं सगळ्यात आवडतं हत्यार. पुढच्या सोमवारी गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, बांबोळीला, हाडांच्या ओपीडीत घेऊन जा. तिथे गर्दी असते, सकाळी लवकर निघा. डॉक्टरांना सांगायचं की अपघात कधी झाला, रॉड कुठे घातला, किती वेळ उभं राहता येतं, जिना कसा चढतात. 'पाय दुखतो' एवढंच सांगून येऊ नका. केसपेपरवर ते लिहिलं गेलं पाहिजे. एक्स-रेची फिल्म किंवा सीडी मागून घ्या, फिजिओथेरपीच्या प्रत्येक तारखेची नोंद ठेवा, औषधांच्या पावत्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसाळ्यात रॉडच्या जागी जास्त ठणकतं असं तूच लिहिलं आहेस. कुठल्या दिवशी, किती वेळ, त्या रात्री झोप झाली का, हे वहीत लिहीत जा. तारखा टाकून.

आणि शिगम्यात कुणी रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, त्यांच्या गळ्यात ढोल अडकवून फोटो काढला, फेसबुकवर टाकला, तर तो फोटो समोरच्या वकिलाच्या टेबलावर पोचतो. दोन मिनिटं हौसेने उभे राहिले होते हे त्या फोटोत दिसत नाही. भाच्यांना, पुतण्यांना आत्ताच सांगून ठेव.

साक्षीचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. तिथे गेल्याशिवाय कसं होणार? बहुतेक दावे खटल्यापर्यंत न जाता तडजोडीत मिटतात. त्याआधी जबानी असते, म्हणजे दोन्ही बाजूंचे वकील, लिहून घेणारा माणूस आणि प्रश्नोत्तरं. ती व्हिडिओवर होऊ शकते, कोविडनंतर तर हे सर्रास चालतं. वकिलाने दुसऱ्या बाजूची संमती किंवा कोर्टाचा हुकूम वेळेवर घ्यायला हवा. खटला उभाच राहिला तर साक्ष व्हिडिओवरून द्यायला न्यायाधीशांची परवानगी लागते. मिस्टरांची तपासणी स्वतःच्या डॉक्टरकडून करून घ्यायचा हक्क समोरच्या बाजूला असतो. ती भारतात कशी करायची हा अवघड मुद्दा आहे, तो वकिलासमोर तुम्हीच काढा, शेवटच्या दिवशी निघाला तर पंचाईत होते. तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी मागता येते, पण क्वचित मिळते. तिच्या भरवशावर बसू नका. आणि परवानगीशिवाय परत शिरण्याचा विचार कुणी कानात घातला तर तो तिथे फौजदारी गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा.

जबानीला दुभाषा मागा. मराठीचा किंवा कोंकणीचा, मिस्टरांना ज्यात सुचतं त्याचा. ते म्हणतील, मला इंग्रजी येतं, इतकी वर्षं बोटीवर काढली. येतं, पण ते इंग्रजी 'येस सर'चं आहे. माझा भाऊ तेच बोलायचा. वरिष्ठाने काहीही विचारलं की मान खाली आणि 'येस सर'. उद्या समोरचा वकील गोड आवाजात विचारील, तू व्हॅनकडे पाहिलंच नव्हतंस ना? आणि सवयीने 'येस सर' निघून जाईल. न्यू जर्सीत स्वतःची चूक निम्म्याहून जास्त ठरली तर काहीच मिळत नाही. एका शब्दात सगळा दावा जाऊ शकतो. आपल्या भाषेत माणूस थांबून, आठवून बोलतो.

कागदांचं थोडक्यात. त्यांना एकेरी प्रवासाच्या आणीबाणीच्या दाखल्यावर पाठवलं असेल तर पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात नव्या पासपोर्टचा अर्ज करा. परत जाण्यासाठी नाही, ओळखपत्र म्हणून. तिकडे पाठवायच्या कागदाला वकिलाने अपोस्टिल मागितलं, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, तर घाबरू नका. भारत २००५ पासून त्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, आधी नोटरी, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असा तो प्रवास असतो. भरपाई मिळाली तर ती आधी वकिलाच्या विश्वस्त खात्यात जमा होते आणि तिथून थेट मिस्टरांच्या स्वतःच्या बँक खात्यात आली पाहिजे, हिशेबाच्या कागदासकट. मित्राच्या खात्यातून नको. इथल्या आयकराचं सीएला विचारा.

आता त्यांच्या न बोलण्याबद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परत पाठवलेल्या लोकांना घेऊन अमृतसरला लष्करी विमानं उतरली, १५ तारखेच्या विमानात गोव्याचेही दोघे होते, तेव्हा आपल्याच लोकांनी चहाच्या टपरीवर काय काय बोललं ते मी ऐकलं आहे. बेड्या घातल्या म्हणजे चोर, अशी आपली समजूत. तुझे मिस्टर मोपाच्या विमानतळावर उतरून मान खाली घालून घरात शिरले असतील, आणि त्यांना वाटत असेल की आता काहीही मागायला आपल्याला तोंड नाही. त्यांना सांग की व्हिसाचा हिशेब त्या देशाने त्यांच्याकडून पुरता वसूल केला, दोन महिने कोठडीत आणि पुढची कितीतरी वर्षं दार बंद करून. व्हॅनवाल्याचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो त्यांनी मागायचा आहे.

ते बोलत नसतील तर प्रश्न विचारू नकोस. रात्री जेवणं झाल्यावर त्यांचा पाय उशीवर ठेव, वही घेऊन शेजारी बस आणि म्हण, त्या रात्री काम किती वाजता सुटलं ते सांगा, मी लिहून घेते. कुठल्या बाजूने चालत होते, सिग्नल कुठला होता, पाऊस होता का, व्हॅनवर काय लिहिलेलं होतं, कुणी थांबलं का, पोलिस किती वेळाने आले. आठवेल तसं, उलटसुलट आलं तरी चालेल. वरती तारीख टाक. ती वही वकिलाला लागणार आहे. वकील सापडला की मला कळव. नाहीच सापडला तरी दहा दिवसांत लिही, मग पुढचं बघू.